व्हाइट सिटीला गाड्या उजवीकडून का धावतात?

ईलिंगकर: लंडनच्या भुयारी रेल्वेच्या सेंट्रल लाइनने रोज ऑफिसला जातो. एरवी गाड्या डावीकडून धावतात, पण व्हाइट सिटीला समोरची गाडी आपल्या डाव्या हाताला दिसते. असं का?

सांधेवाला: हा वुड लेन या जुन्या, आता बंद स्टेशनचा वारसा! 1908 च्या फ्रँको-ब्रिटिश प्रदर्शनासाठी लाइन शेफर्ड्स बुशच्या पुढे नेली. टोकाला वुड लेनपाशी एकेरी रुळाचा वळसा. गाड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरून परतायच्या. 1920 मध्ये ईलिंग ब्रॉडवेचे रूळ त्याच वळशाला जोडले, म्हणून बाजू उलटी राहिली. ईस्ट ॲक्टनच्या अलीकडे एक रूळ दुसऱ्यावरून जातो नि गाड्या पुन्हा डावीकडे येतात. खिडकीपाशी बसून बघाच.

बोगदाप्रेमी: वुड लेनला फलाटाचा एक तुकडा चक्क सरकवता यायचा! लांब गाड्यांना फलाट अपुरा पडायचा आणि वाढवावा तर डेपोचा रूळ आड यायचा. 1947 मध्ये व्हाइट सिटी सुरू झालं नि वुड लेन बंद झालं. पुढे पाडलंही, फार हळहळ वाटते.

ईलिंगकर: वा, मनापासून आभार! होबर्न सोडल्यावर बोगद्यात पांढऱ्या टाइल्स दिसतात, त्या कसल्या?

सांधेवाला: ब्रिटिश म्युझियम स्टेशनच्या. 1933 पासून बंद.