अनुभव धागा : म्युझियमचं शिकलात? मग पुढं काय झालं?

टिळकवाडीची आत्ती
मंडळी, भाची बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, इतिहास घेऊन. परवा जेवताना म्हणाली, "आत्ती, मला म्युझिऑलॉजी करायचंय." दादाचा घास हातातच राहिला. "म्हणजे एवढं शिकून वॉचमन व्हायचं की काय?" त्याची तरी काय चूक! आमच्या घरानं म्युझियम बघितलंय ते शाळेच्या सहलीत, रांगेतून, 'हात लावू नका' ऐकत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून कुणी हे शिकायला गेलं असेल तर लिहा. कुठं गेलात, काय शिकवलं, पोट भरतं का? गोडगोड नको, तिला वाचून दाखवणार आहे.

खानापूरकर
हलशीजवळचं आमचं गाव. भूवराह नरसिंहाच्या देवळात लपाछपी खेळलोय. हलशी ही कदंबांची एक राजधानी, तिथल्या ताम्रपटांवर फ्लीट नावाच्या इंग्रज अभ्यासकानं लिहून ठेवलंय, हे मला कळलं कुठं? बडोद्याच्या वर्गात. चेहरा पडला होता माझा.

बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात हा विभाग १९५२ पासून आहे, देशातला पहिला. शहरात गायकवाडांमुळं मराठी कानावर पडतं, तेवढाच आधार. मला वाटलेलं राजे, लढाया, मूर्ती शिकवतील. पहिले कित्येक आठवडे काय, तर नोंदवही. वस्तू आली की तिला आवक क्रमांक, माप, वजन, कशाची बनली, कुणाकडून आली, कुठं मोडलीय, कोणत्या कपाटात कितव्या फळीवर. प्रॅक्टिकलला एक पितळी समई दिलेली. मी शहाणपणानं बुडाला बॉलपेननं नंबर घातला. सरांनी काही न बोलता कापसाचा बोळा पुढं केला, दुपार गेली पुसण्यात. पॅरालॉइड बी-७२ नावाची राळ ॲसिटोनमध्ये विरघळवून आधी पारदर्शक थर द्यायचा, तो वाळला की शाईनं बारीक आकडा, त्यावर परत थर. उद्या काढायचा म्हटला तर निघाला पाहिजे, पण हाताळून पुसला जाता कामा नये. आणि घालायचा कुठं? मांडल्यावर दिसणार नाही, पण शोधणाऱ्याला सापडेल अशा जागी. हे ठरवायलाच मला वर्ष लागलं.

नोकरी : पाच वर्षं कंत्राटावर, तीन गावं, आता कायम. दादांना सांगा, वॉचमनचा पगार माझ्या पहिल्या पगारापेक्षा जास्त होता. चेष्टा नाही.

शहापूरची
घरी मागावर साड्या विणायचे. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पदव्युत्तर पदविका केली, मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. एक गंमत सांगते. आमची आई दर वर्षी पावसाळा सरला की ट्रंकेतल्या साड्या बाहेर काढून घड्या मोडायची आणि दुसऱ्या जागी घालायची. "एकाच घडीवर जर तुटते," म्हणायची. वर्गात कापडाचा तास लागला आणि बाईंनी तेच सांगितलं! फक्त पुढची पायरी अशी की जमेल तिथं घडीच नको. नळीवर आम्लमुक्त कागद गुंडाळायचा, त्यावर कापड, वरून मांजरपाट. मांजरपाट धुऊन खळ काढलेलंच पाहिजे, नाहीतर कसरीला जेवण वाढल्यासारखं. उजेड ५० लक्सच्या आत. डांबरगोळ्या अजिबात नाहीत, ह्यावरून मात्र आईशी अजून भांडण आहे.

आपल्याकडं खरा वैरी पाऊस. जून ते सप्टेंबर बेळगावात भिंतीसुद्धा घाम गाळतात. दमटपणा एकदम वर गेला की बुरशी, एकदम खाली आला की लाकूड तडकतं. म्हणून रोज आर्द्रतेचा आकडा लिहायचा. कंटाळवाणं आहे. ज्याला कंटाळा सोसत नाही त्यानं ह्या वाटेला येऊ नये.

निपाणीहून
मी कोर्स केलेला नाही, तरी लिहितो. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात इतिहासात एम.ए., आणि मोडी शिकलो हौसेनं. एका जुन्या घराच्या तंबाखूच्या वखारीत मोडीचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी निघाली, वाळवीनं निम्मी खाल्लेली. यादी करायला मला बोलावलं, आठ महिने काम मिळालं. घरमालकाला वाटायचं, हे विकता येतील. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात वस्तू पुरावशेष ठरायला १०० वर्षं लागतात, पण ऐतिहासिक मोलाच्या कागदाला ७५ पुरतात, हे त्याला पटवण्यात दोन महिने गेले. पोरीला सांगा, मोडी शीक. पदवीवाले भरपूर भेटतात, रुमाल सोडून वाचणारा भेटत नाही.

चिकोडीचा
दहावीपर्यंत मराठी माध्यम. कन्नड बोलता यायचं, लिहायला लागलो तेविसाव्या वर्षी. राज्याचं पुरातत्त्व खातं म्हैसूरहून चालतं, तिथं जायचं तर कन्नड पाहिजेच, आणि जागा निघतात त्या क्वचित. मी धारवाडला राहून शिकलो. सुरुवातीला राग राग यायचा. मग पाट्या लिहायचं काम हाती आलं. वीराच्या स्मरणार्थ कोरलेल्या एका दगडाखाली कन्नडमध्ये 'वीरगल्लु', मराठीत 'वीरगळ' लिहायचं होतं. लिहिता लिहिता लक्षात आलं, आपला गळ म्हणजे त्यांचा कल्लु, दगड! शब्द तिकडूनच आलाय. माझ्या पाटीला शब्दांची मर्यादा साठ, त्यातले सहा मी ह्यावर खर्च केले, साहेबांनी ते खोडले.

टिळकवाडीची आत्ती
वा! बाकी सीमावाद इथं कुणी काढू नका हं, आधीच सांगते.

नाव नको
एका नव्या दालनाचं काम होतं, ठिकाण सांगत नाही. उद्घाटनाची तारीख आधी ठरली, वस्तूंची यादी नंतर. रंगीत कागदावरची जुनी चित्रं पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगली, 'तिथं फोटो छान येतात' म्हणून. मी स्थिती-अहवालात लिहिलं, अहवाल फाइलीत गेला, चित्रं खिडकीतच राहिली. दोन उन्हाळ्यांनी निळा रंग उडाला. माझ्या पगाराचे शेवटचे तीन महिने अजून थकलेत. तरी आज विचाराल तर अहवाल पुन्हा लिहीन.

काकतीवाला
मी नोएडाच्या वारसा संस्थेत, आधीचं दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय संस्थान. वस्तू आली कुठून ह्यावर निबंध होता. सगळ्यांनी कोहिनूर घेतला. मी बेळगाव किल्ला घेतला. तिथलं जैन मंदिर, कमल बस्ती, १२०४चं, रट्ट घराण्यातल्या चौथ्या कार्तवीर्य राजाच्या काळातलं. आणि त्याच वेळचे बेळगावचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. वर्गात 'परत आणा' आणि 'आणून ठेवणार कुठं' असे दोन तट पडले. मी दुसऱ्या तटात होतो, आणि घरी फोन केल्यावर शिव्या खाल्ल्या.

टिळकवाडीची आत्ती
भाचीनं सगळं वाचलं. दादानंही वाचलं, 'तीन महिने थकलेत' पाशी थांबला आणि चष्मा पुसत बसला. ती विचारतेय, अर्ज भरण्याआधी हे काम आपल्याला झेपतंय का हे कसं कळायचं? कोल्हापूरचं टाऊन हॉल म्युझियम बघून आलीय. ब्रह्मपुरीच्या उत्खननात निघालेला पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, बघून खुळावलीय. पण ते झालं बघणं.

खानापूरकर
आमच्या गावाबाहेर सहा वीरगळ पडलेत, एकाची तर लोक कपडे धुवायला शिळा करतात. रविवारी घेऊन या तिला. माप घे, चित्र काढ, काय तुटलंय ते लिही, सहाही. संध्याकाळी सातव्याची इच्छा राहिली तर अर्ज भर म्हणावं. टेप आणि वही आण. पेन नको, पेन्सिल.