पूर आला की शाळेतलं जेवण बंद, काय करता येईल?

प्रश्न: वडोदऱ्यात विश्वामित्री नदीकाठच्या वस्तीत शिकवायला जाते मी, ऑगस्ट २०२४ च्या पुरात तिथे चूल, पिठाचा डबा सगळं चिखलात गेलेलं. पुन्हा पाणी शिरलं आणि शाळा बंद पडली तर मुलांच्या दुपारच्या जेवणाचं काय?

उत्तर १: ताई, शाळेतल्या मध्यान्ह भोजनाचे २०१५ चे नियम बघा. शाळेच्या दिवशी जेवण मिळालं नाही, मग धान्य संपलेलं असो की गॅस, तर पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत धान्य आणि शिजवायचे पैसे द्यावे लागतात. पण शाळाच बंद असेल तर ते लागू होत नाही, खरी अडचण तिथेच आहे.

उत्तर २: दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण द्या असं सुप्रीम कोर्टानं २००४ मध्येच सांगितलंय, मग पुराला का नाही? कलेक्टरकडे अर्ज द्या, आम्ही सह्या करू.

उत्तर ३: कोरडं धान्य वाटून उपयोग नाही हो, ओल्या घरात शिजवणार कशावर? गरम खिचडीच द्या. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ ठरलेली आहे, त्यात डाळ कमी करू देऊ नका. आणि पोती पावसाळ्याआधीच वरच्या मजल्यावर हलवा.