अण्वस्त्र प्रसारबंदीचं क्षेत्र फक्त शास्त्रज्ञांचं नाही

पंचवटीच्या काकांनी विचारलंय की पुतणीला राज्यशास्त्र घेऊन अण्वस्त्र प्रसारबंदीच्या क्षेत्रात जाता येईल का. त्यावर दोघांनी ‘भौतिकशास्त्र नसेल तर विसरा’ असं सांगितलं. मला हे अजिबात पटत नाही.

रोझ गॉटमोलर यांचं बघा. शिक्षण रशियन भाषेचं, सुरुवातीची नोकरी रँड या संशोधन संस्थेत. २०१० च्या ‘न्यू स्टार्ट’ करारात त्या अमेरिकेच्या मुख्य वाटाघाटीकार होत्या. अमेरिका आणि रशिया, दोघांनीही तैनात दूर पल्ल्याची (सामरिक) अण्वस्त्रं १५५० च्या आत ठेवायची आणि एकमेकांच्या तळांवर जाऊन तपासणी करायची, असं ठरलं. खरा कस लागतो तो तपासणीच्या कलमांत. समोरचा आकडा पाळतोय हे कळणार कसं? पुढे त्या नाटोच्या उपमहासचिव झाल्या.

आपल्याकडे १९९६ मध्ये जिनिव्हात सीटीबीटीला, म्हणजे सर्व अणुचाचण्यांवर बंदी घालणाऱ्या कराराला, भारताचा विरोध ठामपणे मांडणाऱ्या अरुंधती घोष परराष्ट्र सेवेतल्या. भारताच्या अणुधोरणाला दिशा देणारे के. सुब्रह्मण्यम तर आयएएस अधिकारी.

देवळालीचं तोफखान्याचं केंद्र आणि ओझरचा विमान कारखाना यांमुळे आपल्या नाशिककरांना संरक्षण म्हटलं की तोफा नि विमानंच दिसतात. पण पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, काका, बी.ए. झाल्यावर तिला तिथे एम.ए. करू द्या. अणुभट्टी कशी चालते, युरेनियम समृद्ध कसं करतात, एवढं विज्ञान तिला शिकावंच लागेल. आणि रशियन किंवा चिनी भाषा आत्तापासूनच सुरू करा, एम.ए.ची वाट बघू नका.