करार नाही, म्हणून भिंतीचे पैसेही नाहीत?

ठेकेदाराची_लेक
बाबा सरकारी कामं घेतात. दोन पावसाळ्यांपूर्वी एका खात्याच्या गोदामाची संरक्षक भिंत खचली. साहेबांचा फोन आला, "काम सुरू करा, कागद मागून करू." बाबांनी चाळीस मीटर भिंत उभी केली. शाखा अभियंत्याने मोजमाप घेतलं, पण ज्यावरून देयक निघतं त्या मोजमाप पुस्तिकेत चढवलंच नाही. साहेबांची बदली झाली. नवे म्हणतात, निविदा नाही, करारनामा नाही, देयक निघणार नाही. वकीलही म्हणतात, असा करार कोर्टात टिकत नाही. खात्याचे ट्रक मात्र रोज त्याच भिंतीआड लागतात. बाबांना झोप नाही. पैसे बुडालेच का?

दिवाणी_वकील
ताई, तुमचे वकील बरोबर सांगतायत, पण गोष्ट तिथे संपत नाही.

राज्यघटनेच्या कलम २९९ प्रमाणे राज्य सरकारचा करार राज्यपालांच्या नावाने व्हावा लागतो आणि त्यावर अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचीच सही लागते. हे पाळलं नाही तर करार शून्य. मागाहून मंजुरी देऊनही तो जिवंत होत नाही. तुमच्यासारख्या घराला हे फार लागतं, पण एका फोनवर कुणालाही जनतेचा पैसा गुंतवता येऊ नये म्हणून हे कलम आहे, आणि ते असायलाच हवं.

आता बी. के. मंडल खटला बघा, १९६२ च्या निकालपत्रिकेत आहे. ठेकेदाराने नागरी पुरवठा खात्यासाठी साठवणुकीच्या शेड बांधल्या होत्या, करार नियमात नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने करार मानला नाही, तरी मोबदला दिला. आधार होता १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७०. काम कायदेशीर हवं, फुकट करायचा हेतू नसावा आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतलेला असावा. "आम्हाला भिंत नको, काढून न्या," असं खातं म्हणू शकत होतं. ते ट्रक लावतंय.

म्हणून दाव्यात नुसतं "करारापोटी येणं" लिहू नका. कलम ७० ची मागणी पहिल्यापासून स्पष्ट मांडा. पुढे अपिलात ती आठवली तर पुराव्याला जागा उरत नाही.

जुना_ठेकेदार
सिमेंट-सळईच्या पावत्या, डंपरची चलनं, मजुरांची हजेरी सगळं एकत्र करा. ट्रक दिसतील असे भिंतीचे फोटो काढा. आणि माहिती अधिकारात भिंत खचल्यापासूनच्या खात्याच्या फाईलवरच्या टिपण्या मागवा. भिंत पडली हे कुणीतरी वर कळवलेलं असणारच, तो कागद तुमच्या कामाचा.

ठेकेदाराची_लेक
काका, फोनवर ठरलेलाच दर मिळेल का?

दिवाणी_वकील
तो दर करारातला, आणि करारच नाही. कामाची वाजवी किंमत मिळते, ती पुराव्याने ठरते. खरी घाई मुदतीची आहे. पैसे कधी द्यायचे ते ठरलं नसेल तर काम झाल्यापासून तीन वर्षं. त्यातच सरकारवर दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. आणि खातं राज्य सरकारचंच ना? नगरपालिका किंवा महामंडळ असेल तर कलम २९९ नाही, त्यांचा स्वतःचा कायदा बघावा लागेल.

ठेकेदाराची_लेक
राज्य सरकारचंच. बाबांच्या डायरीत काम संपल्याची तारीख सापडली. एकोणतीस महिने झालेत. नोटीस याच आठवड्यात पाठवतेय.