साइन्ड-अनसाइन्ड तुलनेचे इशारे: चालू ठेवावेत की बंद करावेत?

अर्धविराम
आमच्या जुन्या सी प्रकल्पात नुकताच जीसीसी या कंपायलरचा 'डब्ल्यूएक्स्ट्रा' (जास्तीचे इशारे देणारा) पर्याय चालू केला आणि पहिल्याच बिल्डला साइन्ड (ऋण होऊ शकणाऱ्या) आणि अनसाइन्ड (ऋण न होणाऱ्या) पूर्णांकांच्या तुलनेवरील इशाऱ्यांनी पडदा भरून गेला. (सी++ मध्ये साइन-कम्पेअरचा, म्हणजे याच तुलनेचा, इशारा 'डब्ल्यूऑल' या पर्यायाबरोबरच मिळतो, सी मध्ये त्यासाठी 'डब्ल्यूएक्स्ट्रा' लागतो.) बहुतेकांचा साचा एकच होता: 'इंट आय' (साइन्ड) शून्यापासून वाढत जातो आणि त्याची तुलना स्ट्रलेनने (मजकुराची लांबी मोजणाऱ्या फंक्शनने) दिलेल्या साइझ_टी (अनसाइन्ड) मूल्याशी होते. अटीत प्रत्येक फेरीला स्ट्रलेन कशाला, हा वेगळा वाद आहे, तो कृपया इथे नको.

हे इशारे घालवण्यासाठी एका सहकाऱ्याने सगळे 'आय' सरसकट साइझ_टी करून टाकले. त्यांत 'आय >= ०' असेपर्यंत मागे येणारा एक उलटा लूपही होता. अनसाइन्ड संख्या शून्याखाली जातच नाही, त्यामुळे तो लूप थांबेना आणि अ‍ॅरेबाहेरची मेमरी वाचू लागला. चालता कोड इशाऱ्यापायी बिघडला. लिनक्स कर्नलच्या नेहमीच्या बिल्डमध्ये हा इशारा बंद असतो, तसाच तो आपणही बंद ठेवावा, असे माझे मत आहे.

टाचणी
असहमत. फाइलमधून बाइट वाचणारे रीड() अपयशी ठरल्यास -१ देते. ते 'एन'मध्ये घेऊन 'एन < साइझऑफ(बफर)' अशी अट लिहिली, तर तुलनेपूर्वी -१ चे रूपांतर प्रचंड मोठ्या अनसाइन्ड संख्येत होते, अट खोटी ठरते आणि वाचन फसलेले असतानाही बफर पूर्ण भरला असे समजून कोड पुढे जातो. ही चूक साइन-कम्पेअर नेमकी पकडतो. शिवाय तुमच्या उलट्या लूपवर त्याच 'डब्ल्यूएक्स्ट्रा'ने 'ही तुलना नेहमीच खरी ठरेल' असा दुसरा इशारा दिलेला असणार. तो वाचला का नाही?

अर्धविराम
दिला होता, आणि उरलेल्या ढिगाऱ्यात तो कोणाच्याही नजरेस पडला नाही. माझी तक्रार नेमकी तीच आहे. तुमच्या रीड()च्या उदाहरणातही घाईतला माणूस 'एन'ला साइझ_टीचा कास्ट (स्पष्ट लिहिलेले टाइप-रूपांतर) लावतो, मग इशारा जातो आणि चूक तिथेच राहते, वर ती मुद्दाम केल्यासारखी दिसते. जीसीसी हा इशारा टाइप तपासतानाच ठरवते, लूपमधल्या मूल्यांच्या मर्यादांचे विश्लेषण त्यानंतर होते. ते विश्लेषण आधी पाहून 'आय ऋण होऊ शकतो का' हे ठरवले, तर निम्मा त्रास वाचेल.

टाचणी
आणि मग तोच कोड 'ओ०'वर (ऑप्टिमायझेशन बंद असताना) इशारा देईल व 'ओ२'वर (ते चालू असताना) देणार नाही. 'मेबी-अनइनिशिअलाइज्ड'च्या (व्हेरिएबलला मूल्य न देताच वापरल्याच्या शंकेचा इशारा) बाबतीत हा लपंडाव आपण भोगतोच आहोत. इशारा थोडा बावळट असला तरी चालेल, पण तो रोज एकाच जागी यायला हवा.

जुना फर्मवेअरवाला
साइन-कम्पेअर मला चालतो, 'डब्ल्यूकन्व्हर्जन' (रूपांतरात मूल्य बदलू शकते असा इशारा देणारा पर्याय) मात्र डोके उठवतो. चेकसम आणि बाइट दोन्ही आठ बिटांचे अनसाइन्ड असले तरी 'चेकसम = चेकसम + बाइट' यावर इशारा येतो, कारण सी च्या नियमानुसार बेरजेपूर्वी दोन्हींचे 'इंट' होते आणि उत्तर परत आठ बिटांत कोंबावे लागते. आम्ही तिथे कास्ट न करता बेरजेला ०एक्सएफएफचा मास्क लावतो. इशारा थांबतो आणि वरचे बिट जाणूनबुजून टाकले आहेत हे वाचणाऱ्यालाही कळते.

अशा चर्चेत एरियान ५ या रॉकेटचा अपघात हमखास येतो, म्हणून आधीच लिहितो. १९९६ साली त्या रॉकेटमध्ये ६४ बिटांची फ्लोटिंग-पॉइंट (अपूर्णांकी) संख्या १६ बिटांच्या साइन्ड पूर्णांकात मावली नाही. तो कोड आदा भाषेतला होता आणि तिथे असे रूपांतर स्पष्ट लिहावेच लागते. रूपांतर लिहिले म्हणून संख्या मावत नाही, त्यामुळे हे उदाहरण कास्टप्रेमींच्या विरोधातच जाते.

अर्धविराम
मास्कची युक्ती पटली. रीड()सारख्या जागी 'एन < ०' ही तपासणी आधी करून मगच कास्ट करायचा, हेही मान्य. तेव्हा साइन-कम्पेअर नव्या फायलींपुरता चालू करून पाहतो, जुन्या फायलींमध्ये तूर्त बंदच.

टाचणी
आणि त्या जुन्या फायलींमध्ये रीड() किती ठिकाणी आहे, हे ग्रेप करून (मजकूर शोधून) पाहिलेत का?