शिंदळमाकुडीची पानं पटापट गळतायत, तातडीने मदत हवी

रानवाट:
कुंडीतल्या शिंदळमाकुडीची पानं पिवळी पडून गळतायत. पाणी वाढवलं, शेणखत घातलं, फरक शून्य. पावसाळ्यात छान फुलली होती. लवकर सांगा प्लीज.

कातळवेडा:
आणली कुठून? शिवनेरीच्या कड्यावरून उपटली असेल तर माझ्याकडून काही मदत नाही. जगात फक्त सह्याद्रीत होते, तीही मोजक्या कड्यांवर.

रानवाट:
अहो, मित्राने कुंडीतली फांदी दिली. आता सांगा.

मुग्धा_बाग:
कडुलिंबाचं तेल फवारा. माझ्या जास्वंदीचा मावा त्यानेच गेला.

कातळवेडा:
इथे मावा आहे असं कोण म्हणालं?

निवडुंगप्रेमी:
माती कसली? पाणी कितीदा? खोड कडक आहे की मऊ?

रानवाट:
लाल माती, शेणखत. पाणी रोज. खोड वर कडक, बुडाशी जरा मऊ लागतंय.

निवडुंगप्रेमी:
डिसेंबरात रोज पाणी?! हिच्या जवळच्या भावंडांना धड पानंच नसतात. हिला पावसाळ्यात येतात आणि कोरड्या दिवसांत झडतात, मग उन्हाळा मांसल खोडावर निघतो. कड्याच्या फटीत माती ती किती असणार! पानगळ हा रोग नाही, मऊ बूड मात्र सडतंय. मऊ भागाच्या वर कापा, वरचा तुकडा काप सुकेपर्यंत सावलीत ठेवा, मग जाड वाळू-मुरमात खोचा. शेणखत नको. लगेच पाणीही नको.

भटक्या:
वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने हिला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून फ्रेरिया नाव दिलं होतं. आता काहीजण तिला सेरोपेजियात, म्हणजे कंदीलपुष्पांत घालतात. मला पटत नाही. कंदिलाची नळी कुठे, हे चपटं चांदणीसारखं फूल कुठे!

निवडुंगप्रेमी:
फुलाच्या आकारावरून कुळी ठरवायचे दिवस गेले. डीएनए बघतात आता.

जुईली:
या फुलाला घाण वास येतो का? घरात ठेवायची म्हणून विचारतेय.

कातळवेडा:
परागीभवन माश्या करतात. मोगऱ्याची अपेक्षा ठेवू नका.

रानवाट:
कापली. आत एका बाजूला तपकिरी आहे. अजून वर कापू?

निवडुंगप्रेमी:
हो, काप सगळीकडून स्वच्छ दिसेपर्यंत. दर वेळी सुरी स्पिरिटने पुसा.

जुईली:
आत्ता कासला गेलं तर फुलं दिसतील का?

भटक्या:
आत्ता वाळलेलं गवत दिसेल. सप्टेंबरात जा. आणि त्यासाठी वेगळा धागा काढा हो.