वस्तीतल्या मुलांचं नाटक: मुलं पोपटासारखी बोलतात, काय करू?

अभ्यासिका_पर्वती: जनता वसाहतीतल्या आमच्या अभ्यासिकेत 13 ते 16 वयाची 16 मुलं-मुली आहेत. गणपतीत मांडवात 20 मिनिटांचं नाटक करायचंय, मधेच शाळा सुटण्याबद्दल. हातात 10 आठवडे आहेत. संहिता लिहून दिली, तर नुसती पाठ म्हणतात. काहींनी येणंही सोडलं.

तिसरी_घंटा: संहिता बाजूला ठेवा. चौघांना वाक्यं आणि बाकीचे गर्दीत, म्हणूनच मुलं गळतात. पहिले तीन आठवडे खेळ आणि 'पुतळे' करा. चौघांचा गट, विषय 'शाळा सुटली त्या दिवशीचं घर', बोलायचं नाही, 10 सेकंद स्थिर. मग बघणाऱ्यांना विचारा: कोण कोणाकडे बघत नाहीये? प्रसंग तिथेच सापडतो. मग टाळी वाजली की प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं. ते मोबाइलवर रेकॉर्ड करून उतरवा. "शिक्षण हा माझा हक्क आहे" जाऊन "मग धाकट्याला कोण बघणार?" येईल, आणि ते पाठ करावं लागत नाही.

तालीम आठवड्यातून दोनदा, दीड तास. संध्याकाळ नको, त्या दिवसांत बरीच मुलं ढोल पथकाच्या सरावाला जातात.

सूत्रधार_पुणे: शेवट सोडवून दाखवू नका. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांची फोरम थिएटरची पद्धत वापरा. 10 मिनिटांचं नाटक, बाप शाळा सोडायला लावतो आणि मुलगी दप्तर कोपऱ्यात ठेवते, तिथे थांबवायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. आता प्रेक्षकांतलं कुणीही "थांबा" म्हणून मुलीच्या जागी येतं आणि वेगळं करून बघतं. बापाची जागा मात्र कुणाला देऊ नका; समजूतदार बाप आणला की प्रश्नच उरत नाही. बाप झालेल्या मुलाने पटेपर्यंत अडून बसायचं, लगेच विरघळायचं नाही.

पहिला माणूस उठत नाही, हे नेहमीचं. आधी शेजाऱ्याशी मिनिटभर बोलायला लावा, मग विचारा.

अभ्यासिका_पर्वती: एका मुलीची खरी गोष्ट अगदी अशीच आहे. तिलाच घेऊ का?

तिसरी_घंटा: अजिबात नको. वस्तीत सगळे ओळखतात. दुसऱ्या दिवशी नळावर तिच्याच घराची चर्चा होईल. तीन-चार घरांतले तपशील मिसळा, नावं बदला, तिला दुसरी भूमिका द्या.

आणि तालमीत कुणी लैंगिक अत्याचाराबद्दल बोललं, तर ते नाटकात घ्यायचं नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098. नंबर तालमीच्या जागी भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.